खडकीवर घातलेली शीग

पाटोद्याच्या आडत बाजारात ज्याने कधी एक पोतं जरी उतरवलं असेल, त्याला मल्लिनाथ मापाडी ठाऊक असणारच. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला मोजून द्यायचा हे मापाड्याचं काम, आणि दोघांच्या मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या न खाणं ही मल्लिनाथची कमाई. वडील सिद्धाराम पायलीने मोजायचे. मल्लिनाथच्या हाती काटा आला, पण रीत तीच राहिली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. आणि माप भरलं की त्यावर आणखी एक ओंजळ घालायची. पायलीच्या काठाच्या वर दाण्यांची जी टेकडी उभी राहते, तिला शीग म्हणतात. काटा आल्यावर खरं तर शिगेचं काम संपलं होतं. तरी काटा बरोबर येऊन थांबला की मल्लिनाथचा हात ढिगात जायचा आणि ओंजळभर दाणे वर पडायचेच. शेतकरीही कुरकुरत नसत, कारण त्यांच्या घरी त्यांची आईही तेच करत आलेली. “रितं माप उंबऱ्याबाहेर जाऊ न्हाई,” असं सिद्धाराम म्हणायचे, आणि पोराने ते देवाचं वाक्य समजून जन्मभर पाळलं.

मल्लिनाथकडे दुसरीही एक विद्या होती. ज्वारीचे चार दाणे तळहातावर घेऊन तो सांगायचा, ही नेकनूरच्या माळावरची, ही चकलांब्याच्या काळ्या रानातली. बाजारातली टवाळ मंडळी विचारायची, “आप्पा, दाण्यावरून मालकिणीचं नाव बी सांगता का?” तो हसून गप्प बसायचा. एकदोनदा त्याने नावही सांगितलं होतं.

या विद्येचा गाजावाजा कसा कोण जाणे, विद्यापीठापर्यंत पोचला. दोन हजार दोनच्या दिवाळीआधी तेजश्री नावाची एक तरुण संशोधक जीपमधून उतरली ती थेट मल्लिनाथच्या काट्यासमोर. तेव्हा बाजारात नव्या नव्या कंपन्यांच्या बियाण्यांच्या पुड्या आल्या होत्या, दुकानादुकानांवर रंगीत पाट्या लटकत होत्या, आणि जुनी बियाणी विचारायला येणारं माणूस म्हणजे नवलच होतं. तेजश्रीने पोत्यावर बसूनच त्याला समजावलं. प्रत्येक जिवाच्या आत, पेशीपेशीत, तो कसा घडेल याची लिपी असते. अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून आता ती लिपी अक्षरन् अक्षर वाचायचं मनावर घेतलंय. झाडं, जनावरं, पिकं, सगळ्यांची. आपला देशही त्यात सामील झालाय, आणि आमच्या विभागाच्या वाट्याला कोरडवाहू ज्वारी आलीय. पाण्याविना तग धरणारी, कुठे कोपऱ्यात उरलेली एखादी जात हवी.

मल्लिनाथला पेशी कळली नाही, पण काम कळलं. मोठं खळं आहे, प्रत्येक देशाने आपापला वाटा आणून टाकायचाय, असं त्याने मनाशी जुळवलं. “मॅडम, एकच हाय अशी,” तो म्हणाला. “नेकनूरजवळ माळावर केशरबाईपाशी. खडकी म्हनतात तिला. बुडाशी तांबूस ठिपका असतो दाण्याला. दुसऱ्या कुनाकडं आता न्हाई राहिली.”

केशरबाईचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला मुलगा अंगद शेती बघायचा आणि आईच्या चार गुंठे खडकाळ तुकड्याकडे बघून दात-ओठ खायचा, कारण तिथे त्याला कापूस हवा होता. “चार गुंठ्यांत हिनं म्युझियम मांडलंय,” असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. केशरबाई त्याचं ऐकून घ्यायची आणि दर वर्षी खडकी पेरायची. ते बी तिच्या सासूने तिला ओटीत घातलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातली सगळी ज्वारी जळून गेली तेव्हा खडकीने घर तगवलं होतं. तेजश्रीचं बोलणं ऐकून म्हातारीचे डोळे चमकले. तिने एकच विचारलं.

“म्हंजी माझ्या माघारी बी ही ऱ्हाईल?”

“राहील आजी. आणि आम्ही वाढवून दोन किलो बी तुम्हाला परतही देऊ.”

“मंग न्या.”

अट एकच होती, आणि तेजश्रीने ती मल्लिनाथला तीनदा सांगितली. फुलोरा येण्याआधी पाच कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, म्हणजे शेजारच्या ज्वारीचा पराग त्यावर पडणार नाही. काढणीनंतर एकाच कणसाचे दाणे पुडीत भरायचे. “एकाच कणसाचे, काका. दुसरा एक दाणासुद्धा नको. नाहीतर वाचलेलं सगळं फुकट.” तिने तपकिरी पुडी आणि एक छापील कागद त्याच्या हाती दिला. कागदावर शेतकऱ्याचं नाव, गाव, आणि खाली ‘संकलक’ म्हणून मल्लिनाथचं नाव टाकायची जागा होती. ते नाव जगभरातल्या यादीत जाईल म्हणाली. मल्लिनाथने तो कागद घरी नेऊन बायकोला, शिवगंगेला, दोनदा वाचून दाखवला.

केशरबाईने कणसांना पिशव्या बांधल्या तेव्हा ती मल्लिनाथला म्हणाली, “आप्पा, लेकराला टोपडं घालावं तसं वाटतंय बघा.” मग पाऊस रुसला. पुन्हा दुष्काळ. जनावरांना घालायला काही उरलं नाही तेव्हा अंगदने चार गुंठ्यांतलं हिरवं पीक कापून बैलांपुढे टाकलं, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा, बैल हंबरत होते. टोपडं घातलेली पाच ताटं मात्र म्हातारीने विळ्याला शिवू दिली नाहीत. त्यातली चार वाळून पोचट झाली. एका कणसात दाणा भरला. घरातल्या कणगीतली खडकी तर पोटात गेलीच होती. म्हणजे फेब्रुवारीत मल्लिनाथ जे कणीस फडक्यात बांधून एसटीने पाटोद्याला घेऊन आला, त्याच्याशिवाय जगात खडकी कुठेच नव्हती. हे त्याला माहीत होतं. माहीत असूनच त्याने पुढचं केलं.

घरी ओसरीवर बसून त्याने कणीस चोळलं, पाखडलं, दाणे पुडीत ओतले. पुडीवर एक रेघ छापलेली होती. दाणे रेघेच्या दोन बोटं खाली राहिले. त्याने पुडी हलवली, ठोकली. दाणे आणखीनच खाली बसले. उद्या सकाळी विद्यापीठाचा माणूस पुडी न्यायला येणार होता. मल्लिनाथ त्या रेघेकडे बघत बसला. आयुष्यात लाखो मापं दिली, अपुरं एकही दिलं नाही, आणि साता समुद्रापलीकडे जाणारं पहिलं माप अपुरं जाणार. तेही केशरबाईच्या नावाने. तिकडचे लोक म्हणतील, बीडकडच्या माणसांना पुडी भरता येत नाही.

दाणासुद्धा नको म्हणाली होती, हे त्याच्या ध्यानात होतं. पण शिकलेल्या लोकांना सोवळं फार, असंही त्याला वाटलं. ज्वारी ती ज्वारी. तो उठला, बाजारात गेला, नेकनूरकडून आलेल्या, घरोघरच्या मालदांडी ज्वारीच्या ढिगातून खडकीसारखे दिसणारे टपोरे दाणे वेचून घेतले आणि पुडीवर पसाभर घातले. रेघ भरली. रेघेच्या वरही थोडी शीग आली तेव्हा त्याला खरोखर बरं वाटलं. मग त्याने कागदावर सही केली: एकाच कणसाचे दाणे, संकलक मल्लिनाथ सिद्धाराम, पाटोदा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. फरक एवढाच की अवलक्षण दुसरीच्या नशिबी आलं.

सव्वा वर्ष गेलं. चार घरं फिरून आलेल्या पाहुण्यासारखी पुडी परत आली. तेजश्रीच घेऊन आली होती, आणि तिचा चेहरा पडला होता.

“काका, नमुना नापास झाला. त्यातल्या काही बिया पेरून रोपांची पानं तपासली. दोन वेगवेगळ्या ज्वाऱ्या निघाल्या. एक साधी मालदांडी, दुसरी कुठली तरी. कुठली खरी, कुठली मिसळलेली, हे आम्हाला कसं कळणार? यादीतून काढून टाकला.” तिने पुडी त्याच्या पुढ्यात ठेवली. “उरलेलं बी हे. मला एक सांगा, पिशव्या नीट बांधल्या होत्या ना?”

 मल्लिनाथला एवढंच म्हणायचं होतं की मॅडम, मी वरून शीग घातली. भोवती हमाल उभे होते, दोन व्यापारी कान देऊन होते, आणि ज्या काट्याजवळ तो उभा होता त्यावर त्याचं सगळं नाव तोललेलं होतं. मापाड्याने मालात भेसळ केली, हे एकदा बाजारात फुटलं की संपलं.

“बांधल्या तर व्हत्या,” तो म्हणाला. “मावशींनीच बांधल्या व्हत्या.”

खोटं काहीच बोलला नव्हता. त्याच्यासारख्या माणसाला तेवढी पळवाट पुरते. तेजश्रीने मान हलवली. “म्हणजे एखादी सैल झाली असेल. किंवा आजींचं बीच आधीपासून मिसळ असेल. खडकी म्हणून वेगळी जातच नसेल कदाचित.” ती वाईट बोलत नव्हती, थकल्यासारखं बोलत होती. “पुडी त्यांना पोचवा, काका. आणि एवढं कळवा.”

त्याने कळवलं. पुडी मात्र नेली नाही. केशरबाईने पुडी नुसती उघडली असती तरी बुडाला ठिपका नसलेले दाणे तिने एका नजरेत ओळखले असते. म्हणून पुडी त्याने घरातल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराखाली, सरकवली आणि हात हलवत नेकनूरला गेला.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत होती. त्याने उभ्यानेच सांगितलं, की नमुना बसला नाही, मिसळ निघाली म्हणतात.

“मिसळ?” तिचे हात थांबले. “माझी ज्वारी खोटी निघाली म्हनं, आप्पा?”

“मशिनीचं काम हाय, मावशी. आपल्याला काय कळतंय.”

“माझ्या सासूनं खोटं बी दिलं व्हतं व्हय मला?” ती त्याला विचारत नव्हती, स्वतःलाच विचारत होती. पलीकडे बैलाच्या पाठीवरून हात फिरवत अंगद उभा होता. तो हसला. “घे आता. इतकी वर्सं मी हेच सांगत व्हतो.” आणि बी परत येईल म्हणून मोकळ्या ठेवलेल्या चार गुंठ्यांवर त्याच आठवड्यात त्याने नांगर घातला. म्हातारीने एका शब्दाने अडवलं नाही. ज्याच्यासाठी अडवायचं तेच खोटं ठरलं, तर अडवणार तरी कोणत्या तोंडाने?

हे मल्लिनाथला बाजारातच कळलं. अंगदनेच गमतीने सांगितलं. आई आता कुणाशी फार बोलत नाही, भाकरी खाताना मधेच थांबते, हेही त्यानेच सांगितलं, पण गमतीने नाही.

त्या दिवसापासून मल्लिनाथचं काम बिघडलं. बाहेरून कुणाला दिसलं नाही. ‘लाभ’ म्हणताना आवाज खाली यायचा, आणि शीग घालायला हात पुढे झाला की तो हात त्याला आपला वाटायचा नाही. लोक म्हणायचे, आप्पांच्या काट्यावर डोळे मिटून माल टाकावा. ते ऐकलं की तो उगाच काटा पुसायला लागायचा. खाई त्याला खवखवे. शरमेचा त्रास असा की त्याची वाच्यताही करता येत नाही. सोमवारी महादेवाला गेला तर हात जोडून नुसता उभा राहायचा, मागायला काही सुचायचं नाही. कधी वाटायचं, म्हातारी माणसं किती दिवसांची, आपोआपच मिटेल. आणि असं आपल्याला वाटलं याचीच त्याला जास्त किळस यायची.

शिवगंगेच्या हाती पुडी लागली ती पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी, पेटीतलं जुनेर उन्हात घालताना. सालाबरहुकूम ज्वारीची पेरणी महिन्यावर आली होती.

“अवो, हे बी कशाचं हाय?”

 ती त्याच्यासमोर बसली आणि बसूनच राहिली. शेवटी त्याने सगळं सांगितलं, पहिल्यांदा, मोठ्याने.  ऐकून झाल्यावर शिवगंगा म्हणाली, “माप कमी गेलं म्हून तुमाला लाज वाटली. त्या बाईचं नाव कमी गेलं, त्याची कावून न्हाई वाटली?”

“वाटतीय की. दीड वर्स वाटतीय.”

“मंग पेटीत ठिवून वाटून काय उपेग?”

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला नाही. ओसरीवर पांढरं फडकं अंथरलं, पुडी ओतली आणि एकेक दाणा वेचायला बसला. ठिपक्याचे इकडे, बिनठिपक्याचे तिकडे. त्याच्या डोळ्यांची कीर्ती खोटी नव्हती. दुपार टळायच्या आत काम झालं. जगाच्या यंत्रांना जे ठरवता आलं नाही ते एका मापाड्याने एका बैठकीत निवडून दिलं, आणि त्याचा त्याला तिळमात्र अभिमान वाटला नाही, कारण हेच त्याला तेजश्रीसमोर काट्याजवळ बसून करता आलं असतं. खडकीचा ढीग दोन मुठींचा निघाला. मग त्याने तेजश्रीला पत्र लिहिलं, जे केलं ते तसंच्या तसं, आणि खाली नाव घातलं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. तिने रागावून लिहिलं नव्हतं. तुमच्या पत्रामुळे उलगडा झाला, असं तिने लिहिलं होतं. जी दुसरी ज्वारी निघाली होती ती दुसऱ्या कोणत्याही नोंदवलेल्या जातीशी जुळत नाही, म्हणजे आजींची खडकी खरंच वेगळी आहे. दफ्तरात दुरुस्ती केली आहे, चूक संकलकाची असं नमूद केलं आहे. परंतु या कामातली ज्वारीची यादी आता बंद झाली. त्या जागी दुसऱ्या देशातली एक जात घेतली गेली.

ते पत्र आणि फडक्यातला दोन मुठी ढीग घेऊन मल्लिनाथ नेकनूरला उतरला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पेरणीची गडबड होती. केशरबाई ओट्यावर बसली होती, आधीपेक्षा बारीक झालेली. अंगद घरातच होता, आणि तो आहे हे बघून मल्लिनाथचे पाय क्षणभर अडले. मग त्याला वाटलं, हा असलाच पाहिजे.

त्याने फडकं मधे ठेवलं आणि बसूनच, खाली मान घालून, सांगितलं. पुडीची रेघ, मालदांडीचा पसा, बाजारातलं अर्धं उत्तर, पेटीत ठेवलेली पुडी. तेजश्रीचं पत्रही वाचून दाखवलं.  बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

पहिल्यांदा अंगद बोलला. “आप्पा, दीड वर्स मी हिला येडी म्हनलो. लोकांपुढं म्हनलो.” तो आईकडे न बघता उठून गोठ्यात गेला.

केशरबाईने फडक्याची गाठ सोडली नव्हती. “कमी दिलं असतं तर मी काय बोलले असते का, आप्पा?” ती म्हणाली. “दुष्काळात कुनाचं माप भरलं व्हतं? कमी हाय, येवढंच सांगायचं.”

“चुकलं, मावशी.”

“पुडीत घातलं ते चुकलं, कळतंय मला. मी बी घातली असती येखादी ओंजळ. पर मी खोटी पडले तवा तुमी माझ्या दारात उभं व्हता. माझ्या तोंडाकडं बघत व्हता.”

 तो तिच्या पायांकडे बघत राहिला. केशरबाईने सूप आणायला सांगितलं, सुनेने आणलं. दाणे सुपात घ्यायचे होते. आयुष्यभराच्या सवयीने मल्लिनाथ पुढे सरला, फडक्याची गाठ सोडायला आणि ओतून द्यायला. या घरच्या दोन पिढ्यांचं धान्य त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातांनी मोजलं होतं, आणि माप सिद्धारामाच्या घरचं असलं की ते पुन्हा तपासायचं नसतं, असं हीच म्हातारी सुनांना शिकवत आली होती.

“राहू द्या, आप्पा,” केशरबाई म्हणाली. “हात लावू नका.”

तिने ती गाठ स्वतः सोडली. सुटायला वेळ लागला. मग सुपात दाणे पसरून, डोळ्यांजवळ नेऊन, तिने एकेक दाणा उलटा करून बघायला सुरुवात केली. ठिपका आहे की नाही, आहे की नाही. मल्लिनाथने वेचलेला प्रत्येक दाणा ती पुन्हा तपासत होती. तो समोर बसून बघत राहिला, आणि शेवटचा दाणा होईपर्यंत त्याला उठता आलं नाही.